शपथेवर काल्पनिक

वाहिनीत मी अठरा वर्षं होते, त्यातली शेवटची सहा कार्यक्रम विभागाची प्रमुख म्हणून. बाहेरच्यांना वाटायचं, ही बाई मालिका करते. खरं तर माझं काम नकार देण्याचं होतं. आठवड्याला वीस-पंचवीस गोष्टी समोर येत. त्यातली एखादी पुढं जाई आणि बाकीच्यांच्या लेखकांना मी चहा पाजून परत पाठवी. गावाकडची गोष्ट आली की माझं वाक्य ठरलेलं असे : "छान आहे, पण फार कोरडं आहे हो. बघणाऱ्याला थोडा ओलावा लागतो." आणि हे बोलणारी मी बीड जिल्ह्यातली, जिच्या घरात फेब्रुवारी लागला की अंघोळीचं पाणी भाजीच्या वाफ्याला जायचं. तेव्हा त्यात मला काही वावगं वाटलं नाही. पगार चांगला होता आणि वाक्य चालत होतं.

आमचं गाव घाटनांदूरहून बरंच आत आहे. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. ते गेले तेव्हा भाऊ लातूरला नोकरीत होता आणि मी मुंबईत. आई मात्र गाव सोडायला तयार झाली नाही. तिनं एक म्हैस घेतली आणि गावच्या सहकारी दूध संस्थेची सभासद झाली, स्वतःच्या नावानं. पेन्शन असताना हा उपद्व्याप कशाला, असं आम्ही दोघांनीही तिला विचारलं. ती म्हणाली, डेअरीला दूध घालायचंय.

त्यात तिला एवढं काय वाटतं, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. आजोबांच्या पिढीनं बौद्ध धम्म स्वीकारला, घरातले जुने देव गेले, पोरं शिकली, नोकऱ्यांना लागली. पण गावातला हॉटेलवाला आमच्या वस्तीतलं दूध घेत नसे. घरोघरचा रतीबही वस्तीतून कुणी लावत नसे. दूध संस्था निघाली आणि संस्थेच्या कॅनमध्ये सगळ्या गावाचं दूध एकत्र ओतलं जाऊ लागलं. "कॅनमंदी गेलं की दुधाला जात ऱ्हात न्हाई," आई म्हणायची. म्हणून तिला आपल्या नावाचं पुस्तक हवं होतं आणि आपला नंबर हवा होता.

मग दुष्काळ आला. लागोपाठ तिसरं वर्ष पावसानं दगा दिला, त्या वर्षीचा उन्हाळा सरल्यावर मी चार दिवसांसाठी गावी गेले. आईची म्हैस आटली होती. ज्वारी निवडता निवडता तिनं मला एक हकीकत सांगितली, अगदी सहज, शेजारणीच्या घरचं काही सांगावं तशी.

संस्थेच्या चेअरमनला संस्था गुंडाळून त्या जागी खासगी डेअरीचं केंद्र आणायचं होतं. त्यासाठी सभेत ठराव करायला लागणार होता. विरोधात होत्या त्या बहुतेक बायका, आणि त्याच वर्षी त्यांच्या म्हशी आटल्या होत्या किंवा चारा छावणीत गेल्या होत्या. संस्थेचा नियम असा, की वर्षात ठरावीक दिवस दूध घातलं नाही तर सभासद 'क्रियाशील' राहत नाही, त्याचं मत जातं. चेअरमन नुसता वाट बघत होता. या बायकांपैकी एकीच्याच घरी म्हैस दूध देत होती. किराणा दुकानवाल्या लिंगायत घरातल्या विधवा काकूंच्या घरी. त्यांचा भाऊ तेलगावकडून कडबा पाठवायचा. या काकूंनी आईसकट दहा जणींना बोलावलं आणि सांगितलं, की दूध माझ्या म्हशीचं, पण रोज घालायला वेगळी बाई जाईल आणि आपल्या नावावर घालील. आईला धरून दहा आणि काकू अकराव्या. सगळा उन्हाळा हे चाललं. माप घेणाऱ्या सचिवाला सगळं दिसत होतं. तो खाली मान घालून नंबर लिहीत राहिला. सभेच्या दिवशी अकरा हात वर झाले आणि ठराव पडला.

"करियाशील ऱ्हायलो बघ आमी," आई म्हणाली आणि सुपातली ज्वारी पाखडायला लागली.

अठरा वर्षांत माझ्या टेबलावर अशी गोष्ट आली नव्हती. आली असती तर मी ती परत पाठवली असती, हेही मला लगेच कळलं. या गोष्टीचा चित्रपट करायचा म्हणून वर्षभरात मी राजीनामा दिला.

मी चार निर्मात्यांना ही गोष्ट ऐकवली. चौघांनीही शेवटी एकच विचारलं, की आत्महत्या कुठं आहे. एकाचं म्हणणं पडलं, काकूच्या नवऱ्यानं गळफास घेतला असं दाखवा, म्हणजे बाई एकटी का, याला कारण मिळतं. मी सांगितलं, ते दुकानात बसल्या बसल्या हृदयविकारानं गेले. तो म्हणाला, त्यात दृश्य नाही. शेवटी मी माझ्याच जुन्या वाहिनीकडं गेले. माझ्या खुर्चीत आता माझ्या हाताखाली तयार झालेली मुलगी बसत होती. तिनं चहा मागवला, मन लावून ऐकलं आणि म्हणाली, "मॅडम, छान आहे, पण थोडं कोरडं वाटतंय." ती चेष्टा करत नव्हती. ते वाक्य मुळात कुणाचं, हे ती विसरून गेली होती. 

मग साठवलेलं मोडलं, दोन मैत्रिणी भागीदार झाल्या आणि मी गावी गेले. तिथं पहिला नकार आईनंच दिला.

मला वाटलं होतं, ती खूश होईल. तिनं भाकरीचं पीठ मळता मळता सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हंजी आमी लबाडी केली, हे तू समद्या मुलखाला सांगनार?"

लबाडी नाही, एकी आहे ती, असं मी तिला समजावत राहिले. ती ऐकून घेत होती, पण तिचं एकच म्हणणं होतं. दुसरीचं दूध आपल्या नावावर घातलं, त्याला नियमात एकच शब्द आहे. काकू मात्र तयार होत्या. त्यांना आपल्या म्हशीचा अभिमान होता. काकूंनी आणि मी मिळून आईला वळवलं. नाव कुणाचंच घालणार नाही, गावाचंही नाही, एवढं वचन मी दिलं. आई म्हणाली, "तुला कळतंय ना, मंग कर." आज मला वाटतं, त्या वाक्यात होकार नव्हताच. मला घाई होती म्हणून मी तो होकार धरला.

संस्थेच्या केंद्रात शूटिंग करायला चेअरमनची परवानगी लागणार होती. त्यानं ती दिली, शाल घालून दिली. त्याला वाटलं, संस्थेच्या कामगिरीवर चित्रपट निघतोय. मी त्याला तसं वाटू दिलं. गोष्टीची पहिली काही पानं दाखवली, पुढची दाखवली नाहीत. वाहिनीत असताना मी हे पुष्कळदा केलेलं होतं.

शूटिंग बत्तीस दिवस चाललं आणि त्यातला एक दिवसही मनासारखा गेला नाही. त्याही वर्षी पाऊस कमीच होता. एका दृश्यात टँकरवर झुंबड उडते आणि ओढाताणीत एका बाईची घागर सांडते. त्यासाठी मी पाण्याचा टँकर भाड्यानं आणला होता. गावातल्याच बायका उभ्या केल्या, कॅमेरा चालू झाला आणि झुंबड अशी उडाली, की कुठल्या कलाकाराला जमली नसती. फक्त घागर काही सांडली नाही. जिला सांडायला सांगितलं होतं, तिनं ती पोटाशी धरली आणि ती गर्दीतून बाहेर पडली. मी तिला थांबवून विचारलं, तर ती म्हणाली, "कावून सांडू? पानी खरं हाय की."

मी पुन्हा एकदा घेऊ म्हटलं आणि सगळ्यांना घागरी टँकरमध्ये ओतायला सांगितलं. पण ओतणार कोण? तोवर निम्म्या बायका पाणी घरी टाकून आल्या होत्या आणि रिकाम्या घागरी घेऊन पुन्हा रांगेत उभ्या होत्या. रांगेत आईही होती. तिनं दोन खेपा केल्या होत्या. माझा तोल गेला. सगळ्या युनिटसमोर मी तिला बोलले, की माझं इथं सगळं पणाला लागलंय आणि तुला पाणी सुचतंय. ती शांतपणे म्हणाली, "तुझं पुन्यांदा हुईल, बाई. पानी न्हाई व्हायचं."

टँकरवाला दुसरी खेप द्यायला तयार झाला नाही. चित्रपटात ते दृश्य घागर न सांडताच राहिलं. पुढं एका परीक्षणात लिहून आलं, की टँकरचा प्रसंग अर्धवट सुटल्यासारखा वाटतो.

चित्रपट तयार झाल्यावर वितरक म्हणाला, भाषा शुद्ध करून पुन्हा ध्वनिमुद्रण करा, हे 'हाय' आणि 'न्हाई' पुण्यात कोण ऐकणार. मी ते केलं नाही. तीन महिने भांडले आणि ती एकच लढाई जिंकले. त्या बदल्यात त्यानं दुसरी गोष्ट मागितली. सुरुवातीला पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'सत्य घटनेवर आधारित' असं लिहायचं. लोकांना ते आवडतं, असं तो म्हणाला. मी ताबडतोब हो म्हटलं. मला तर तो त्या बायकांचा मान वाटला. आईला विचारायचं सुचलंसुद्धा नाही. वचन नावांचं होतं आणि नावं मी कुठंच घातली नव्हती.

चित्रपट एक आठवडा चालला. बीडला आणि लातूरला त्याला सकाळी नऊचा खेळ मिळाला. त्यासाठी निघायच्या वेळी ज्यांनी तो बघायला हवा होता, त्या धारा काढत होत्या. दोन महोत्सवांनी घेतला, एकानं प्रशस्तिपत्र दिलं. वाहिनीतली मंडळी अभिनंदनाचे निरोप पाठवत होती. चित्रपट त्यांतल्या कुणीच पाहिला नव्हता.

मग मी तो गावात दाखवायचं ठरवलं. संस्थेच्या हॉलमध्ये दुपारी खिडक्यांना पोती लावली, पांढरी चादर ताणली. नारळ चेअरमननं फोडला आणि तो पुढच्या खुर्चीत बसला. बायका खाली सतरंजीवर. पहिली ओळ पडद्यावर आली, तेव्हा मागून कुणीतरी ती मोठ्यानं वाचली. त्यानंतर दोन तास मी भिंतीला टेकून उभी होते. जिथं रडू येईल असं मला वाटलं होतं, तिथं बायका हसल्या. चित्रपटातली म्हैस आटलेल्या मुलखातली वाटतच नाही, ती सरकी खाऊन माजलीय, यावर काकूंनी बराच वेळ शेजारणीशी चर्चा केली. दूध घालायला जाणाऱ्या नटीनं किटली चुकीच्या हातात धरलीय, हेही कुणाच्या तरी लक्षात आलं. पण सभेतले अकरा हात वर झाले, तेव्हा हॉल गप्प झाला, आणि मला वाटलं, झालं, आपण केलं ते बरोबर होतं.

निघताना चेअरमन माझ्याशी थांबून बोलला. "चांगलं केलंत. समदं बारीकसारीक दावलंत," म्हणाला. मी त्याचे आभार मानले.

दीड महिन्यानं आईचा फोन आला. संस्थेतून नोटीस आली होती. अकरातल्या दोघी तोवर वारल्या होत्या. उरलेल्या नऊ जणींच्या नावांवर तक्रार होती, की यांनी एकाच म्हशीचं दूध वेगवेगळ्या नावांवर घालून सभासदत्व टिकवलं, म्हणून ते रद्द करावं, आणि त्या सभेचा निर्णयही पुन्हा तपासावा. तक्रार तालुक्याला सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडं गेली होती. पुरावा म्हणून सोबत माझा चित्रपट जोडलेला होता.

 आईनं नोटीस वाचून दाखवली, तारीख सांगितली, तुला जमलं तर ये म्हणाली. ती रागावली असती तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. मी आठ दिवस घरात फेऱ्या मारल्या. चेअरमनवर चिडले, वितरकावर चिडले, त्या एका ओळीवर चिडले. ती ओळ आपणच आनंदानं मान्य केली होती, इथं येऊन पुन्हा थांबले.

गावच्या ओळखीतला एक वकील होता. त्यानं कागद पाहून सांगितलं, की संस्थेचं दप्तर बायकांच्या बाजूनं आहे. रोजचे नंबर, रोजचं माप, सगळं नीट लिहिलेलं आहे. विरोधात पुरावा एकच, तुमचा चित्रपट. तेव्हा तुम्ही एक शपथपत्र करा, की चित्रपटातली पात्रं आणि प्रसंग पूर्ण काल्पनिक आहेत.

मी म्हटलं, पण ते खरं आहे. खरं आहे म्हणून तर मी नोकरी सोडली.

"मॅडम," तो म्हणाला, "खरं असलं तर बायका गेल्या. खोटं असलं तर वाचल्या. तुम्ही ठरवा."

तारखेच्या दिवशी नऊ जणी टेम्पोत बसून आल्या. इस्त्रीची लुगडी, हातात पिशव्या, पिशव्यांत दुधाची जुनी पुस्तकं. चेअरमन समोरच्या बाकावर होता. अधिकारी साधा माणूस होता, कुणावर आवाज न चढवणारा. त्यानं दप्तर चाळलं, सचिवाला दोन प्रश्न विचारले. सचिव म्हणाला, माझ्यासमोर जिनं दूध घातलं, तिचा नंबर मी लिहिला. मग माझं शपथपत्र निघालं. ते वाचून झाल्यावर अधिकाऱ्यानं चष्मा काढला आणि विचारलं, की मग सुरुवातीला सत्य घटनेवर आधारित असं लिहिलंय, त्याचं काय.

"ते जाहिरातीसाठी असतं," मी म्हणाले.

"म्हणजे अशी घटना घडलेली नाही?"

माझ्या मागं नऊ जणी बसलेल्या होत्या. मी मागं वळून पाहिलं नाही. "नाही," मी म्हटलं. "ती मी रचली."

पंधरा दिवसांनी तक्रार निकाली निघाली. नऊ नावं यादीत राहिली.

पण त्या दिवशी, कचेरीतून बाहेर पडल्यावर आम्ही बसस्थानकासमोर चहा प्यायला थांबलो, तिथं काकू बराच वेळ बशीतला चहा निववत राहिल्या. काकूंचं वय तेव्हा सत्तरीच्या पुढचं. मग त्यांनी मला विचारलं, "आमी केलतं ते खरं व्हतं का न्हाई, पोरी?"

"खरं होतं, काकू."

"मंग तू न्हाई म्हनलीस."

म्हणावं लागलं, असं मी सांगायला लागले. वकील काय म्हणाला, नियम काय आहे, सगळं सांगू लागले. मधेच आईनं माझ्या हातावर हात ठेवला आणि काकूंना म्हणाली, की राहू द्या, तिनं आपल्यासाठीच केलं. काकू म्हणाल्या, ते कळतंय मला. आणि बशी खाली ठेवली. इतर बायका टेम्पोवाल्याला हाका मारत होत्या. त्यांच्या धारेची वेळ झाली होती.

पुढं मी चित्रपटाच्या सगळ्या प्रतींवरची ती ओळ काढून तिथं काल्पनिक असल्याची ओळ घातली. वर्षभरानं जुन्या वाहिनीनं चित्रपट प्रक्षेपणासाठी मागितला. माझ्या खुर्चीतली मुलगी म्हणाली, दुपारी दाखवू, अर्धा तास कमी करू आणि ती सत्य घटनेची ओळ पुन्हा घालू, त्याशिवाय जाहिरातीत काय सांगणार. मी नाही म्हटलं. का, ते तिला समजावून सांगता येईना. सांगायचं तर आधी घटना सत्य आहे, हे सांगावं लागलं असतं. तिनं मला हट्टी ठरवलं. चित्रपट एका मंगळवारी दुपारी, आगाऊ जाहिरात न करता दाखवून टाकला.

आता मी वर्षातले काही महिने त्याच वाहिनीसाठी बाहेरून काम करते, लोकांच्या गोष्टी वाचून शेरे लिहिते. दुसऱ्या चित्रपटाची संहिता तीन वेळा लिहून झाली आहे आणि तीनदा परत आली आहे. गावातली संस्था चालू आहे, पण खासगी डेअरीच्या गाड्या दारात येऊन दूध नेतात, त्यामुळं केंद्रावर सकाळी दीड कॅन भरला तरी पुष्कळ. आई अजून तिथंच घालते. तिचा नंबर कायम आहे.

मी गावी जाते. बायका ओट्यावर बसलेल्या असतात, कुणाच्या तरी घरचं काहीतरी रंगात आलेलं असतं. मला बघून त्या सरकून जागा करतात, कधी आलीस म्हणून विचारतात, पाणी देतात. मग विषय पावसावर जातो. मागच्या खेपेला मी आईला विचारलंही, की माझ्यासमोर त्या बोलत का नाहीत. आई दूध गाळत होती. म्हणाली, "तू काय परकी हायेस का?" आणि किटलीला झाकण लावून डेअरीकडं निघून गेली.